फायररेड-लीफग्रीन: रूट ३ वर टीम पुन्हा पुन्हा गारद होते, काय करायचं?

पहिल्या जिमचा प्रमुख ब्रॉक हरला, बोल्डर बॅज मिळाला, आता माउंट मूनची गुहा गाठायची म्हणून प्यूटर सिटीतून पूर्वेला रूट ३ वर निघालात आणि अर्ध्या वाटेतच सगळे पोकेमॉन बेशुद्ध. डोळे उघडतात ते परत प्यूटरच्याच पोकेमॉन सेंटरमध्ये, म्हणजे टीम फुकटात बरी करणाऱ्या दवाखान्यात. पुन्हा निघायचं, पुन्हा तेच. पोकेमॉनचे फायररेड किंवा लीफग्रीन हे गेम पहिल्यांदा खेळणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार आहे, आणि तिच्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: 'जंगलात परत जा आणि लेव्हल वाढव.' हा सल्ला वेळखाऊ आहे आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

पुढचं सगळं २००४ च्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या फायररेड आणि लीफग्रीनबद्दल आहे. याच मालिकेतल्या जुन्या रेड-ब्लू गेममध्ये रस्ता तोच आणि ट्रेनरही जवळपास तसेच आहेत. जिथे फरक पडतो ते शेवटी सांगतो.

आधी एक गंमतीचा हिशेब

ब्रॉककडे पोकेमॉन किती? २. जिओड्यूड १२ लेव्हलचा आणि ऑनिक्स १४ चा.

रूट ३ वर ट्रेनर, म्हणजे वाटेत लढायला उभे असलेले खेळाडू किती? ८. त्यांच्याकडचे पोकेमॉन मिळून १७.

दुखणं सगळं इथेच आहे. या ८ जणांपैकी कुणीही ब्रॉकपेक्षा तगडा नाही. सगळ्यात वरची लेव्हल १४, तीही दोघांचीच: एका पोराचा स्पिअरो आणि एका मुलीची जिगलीपफ. बाकीचे ९ ते ११ च्या दरम्यान. एकेकाला घेतलं तर कुणाचंच काही वाटणार नाही. पण जिममध्ये तुम्ही ताजेतवाने आत गेलात, दोघांना लोळवलंत आणि बाहेर येऊन सेंटर गाठलंत. इथे ओळीने १७ जण, मधेमधे गवतातले जंगली वेगळे, आणि वाटेत सेंटर नाही. प्यूटर सोडलं की पुढचं सेंटर थेट माउंट मूनच्या तोंडाशी, म्हणजे रूट ४ सुरू झाल्यावर.

त्यात ब्रॉकची लढाई फसवी असते. त्याचे दोन्ही पोकेमॉन दगड आणि जमीन अशा दुहेरी प्रकाराचे, त्यामुळे पाण्याची किंवा गवताची मूव्ह (हल्ला) त्यांना चौपट लागते. सुरुवातीचा पोकेमॉन स्क्वर्टल (पाणी) किंवा बल्बासॉर (गवत) असेल तर १०-११ लेव्हललाही ऑनिक्स आडवा होतो. खेळणाऱ्याला वाटतं, आपली टीम तयार आहे. खरं तर तयार असते एकच मूव्ह, आणि रूट ३ वर तिचा पाडाव होतो.

नक्की काय संपतंय ते बघा

'टीम कमजोर आहे' म्हणून मोकळं होण्याआधी शेवटच्या लढाईत काय झालं ते आठवा. टीम कोसळण्याची कारणं चार-पाचच असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. नुसती लेव्हल वाढवल्याने त्यातलं एकच सुटतं.

सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे एकट्या सुरुवातीच्या पोकेमॉनवर सगळा भार. टीममध्ये नावाला चार जण, पण लढतो एकच. बाकीचे ४-५ लेव्हलवर अडकलेले, आणि मुख्य पडला की एकेका फटक्यात जाणारे. अशा टीमला १७ पोकेमॉन पार करायचे तर त्या एकाने १७ ही मारायला हवेत. ते होतही असतं, पण मध्ये काही बिघडलं तर सावरायला कुणी नसतं.

दुसरी अडचण पीपीची. प्रत्येक मूव्ह किती वेळा वापरता येते त्याला मर्यादा आहे हे नवख्याच्या लक्षात येतं तेच मुळी या रस्त्यावर. त्याआधी कधी इतक्या लढाया ओळीने झालेल्या नसतात. बल्बासॉरच्या व्हाइन व्हिपला या गेममध्ये फक्त १० पीपी आहेत. दहा फटके मारले की संपली, आणि सेंटरमध्ये गेल्याशिवाय भरत नाही. पोशन या औषधाने एचपी (पोकेमॉनची जीवशक्ती) वाढतं, पीपी नाही.

तिसरं म्हणजे विष आणि झोप. त्यावर पुढे बोलू.

आणि चौथं, पैसे. हे सगळ्यात शेवटी लक्षात येतं आणि सगळ्यात आधी सुटतं.

बल्बासॉरवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं

बल्बासॉर निवडला की सुरुवातीचा खेळ सोपा, हे तुम्ही ऐकलं असेल. पहिल्या दोन जिमपुरतं ते बरोबर आहे. पण दोन्ही जिमच्या मधला हा रस्ता त्याच्यासाठीच सगळ्यात वाईट आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही.

मोजून बघा. उडणाऱ्या पोकेमॉनवर गवताची मूव्ह अर्धीच लागते. किड्यांवर अर्धी. विषारी पोकेमॉनवरही अर्धी. वीडल आणि काकुना तर किडा आणि विष दोन्ही, म्हणजे त्यांच्यावर पाव. आता रस्त्यावरचे १७ घ्या: दोन पिजी, एक स्पिअरो, एक एकन्स, एक निडोरन आणि तीन किडेवाल्या पोरांचे मिळून ९ किडे. झाले १४. व्हाइन व्हिप पूर्ण ताकदीने लागते अशांत उरले फक्त ३, दोन रॅटाटा आणि एक जिगलीपफ. ज्या मूव्हने ब्रॉकला झोपवलं ती इथे १७ पैकी १४ जणांवर निम्मी किंवा त्याहूनही कमी चालते, आणि तरी बहुतेक जण सवयीने तीच दाबत राहतात. मग दहा पीपी संपतात आणि समोर अजून तीन ट्रेनर उभे असतात.

इथे साधी टॅकल चालवा. तिला ३५ पीपी आहेत आणि या रस्त्यावर ती अडवणारा ट्रेनरचा एकही पोकेमॉन नाही. समोरचा जरा टिकाऊ असेल, म्हणजे १४ चा स्पिअरो किंवा जिगलीपफ, तर आधी लीच सीड टाका. समोरच्याचं एचपी दर फेरीला थोडं थोडं तुमच्याकडे येतं, पोशन वाचतो. व्हाइन व्हिप राखून ठेवा, माउंट मूनच्या गुहेत जिओड्यूड भेटणारच आहेत.

स्क्वर्टलवाल्यांना विशेष काही सांगायचं नाही. पाण्याची मूव्ह इथे कुणी अडवत नाही आणि तिचा खास फायदाही कुणावर होत नाही, सरळ लढत राहा. चारमँडर असेल तर ब्रॉकने तुम्हाला चांगलंच रडवलं असणार, पण या रस्त्यावर त्याचा मोबदला मिळतो: ९ किडे एंबरने जळून जातात. चारमँडरला पुन्हा त्रास सुरू होतो तो थेट माउंट मूनच्या आत.

दुसरा पोकेमॉन कोण?

माझं मत सरळ आहे: स्पिअरो. दिसायला कुणाला आवडत नाही, मी समजू शकतो. पण पेक ही उडणारी मूव्ह तो सुरुवातीपासून घेऊन येतो, ३५ पीपीची, आणि किड्यांवर ती दुप्पट लागते. १७ पैकी ९ किडे आहेत हे लक्षात घेतलं तर अर्ध्याहून जास्त काम एकट्या स्पिअरोने होतं आणि तुमचा मुख्य पोकेमॉन उरलेल्यांसाठी ताजा राहतो.

स्पिअरो रूट ३ च्या गवतातही मिळतो, पण तिथलं गवत लागायच्या आधीच काही ट्रेनर समोर येतात. म्हणून ब्रॉकच्या आधीच, व्हिरिडियन सिटीच्या पश्चिमेला रूट २२ वर जाऊन पकडलेला बरा. तिथेच मॅन्कीही मिळतो, आणि चारमँडरवाल्यांनी तो ब्रॉकसाठी घ्यायलाच हवा होता. फक्त मॅन्कीला पिजी आणि स्पिअरोसमोर उभं करू नका, उडणारी मूव्ह त्याला दुप्पट लागते.

पिजी आधीपासून टीममध्ये असेल आणि ९ लेव्हलला त्याने गस्ट ही उडणारी मूव्ह शिकलेली असेल, तर तोही हेच काम करतो. नवीन पकडायला परत मागे जाण्यात अर्थ नाही.

निडोरन मात्र याच रूटवर जरूर पकडा. नर असो वा मादी, १६ लेव्हलला तो बदलतो आणि पुढे माउंट मूनमध्ये जमिनीवर पडलेला मून स्टोन मिळतो. तो दिला की थेट निडोकिंग किंवा निडोक्वीन. दुसऱ्या जिमच्याही आधी इतका दणकट पोकेमॉन हातात येणं म्हणजे पुढचा निम्मा खेळ हलका. पण तो या रस्त्यावरच्या अडचणीचा उपाय नाही. रस्ता पार झाल्यावरचं बक्षीस समजा.

मेटापॉड आणि काकुनावर वेळ घालवू नका, किंवा भरपूर घालवा

किडेवाल्या पोरांपैकी एकाकडे एक मेटापॉड आणि एक काकुना, आणि दुसऱ्याकडे अजून एक मेटापॉड आहे. त्यांना हार्डन सोडून दुसरी मूव्ह येत नाही. ते तुम्हाला मारत नाहीत, फक्त आपलं कवच घट्ट करत बसतात. टॅकल मारत राहिलात तर दर फेरीला फटका आणखी हलका होत जातो, आणि तुमचे पीपी पाण्यासारखे जातात.

हार्डनने वाढतो तो फक्त साध्या, शारीरिक मूव्हविरुद्धचा बचाव. या गेममध्ये मूव्ह शारीरिक की विशेष हे तिच्या प्रकारावरून ठरतं, आणि आग, पाणी, गवत हे सगळे विशेष गटात येतात. म्हणून एंबर किंवा वॉटर गन मारा, हार्डनचा काही उपयोग राहत नाही. बल्बासॉरवाल्यांची इथे पंचाईत होते, कारण व्हाइन व्हिप विशेष असली तरी किड्यावर अर्धीच. त्यांनी पहिल्याच फेरीपासून स्पिअरो काढावा, हार्डन साचण्याआधी.

आता उलटी बाजू. जो पोकेमॉन तुम्हाला मारू शकत नाही तो कमजोर पोकेमॉनसाठी उत्तम सराव आहे. ५ लेव्हलचा पिकाचू किंवा नुकताच पकडलेला निडोरन पुढे करा आणि आरामात ठोकत राहा. एचपी अजिबात कमी न होता ट्रेनरच्या पोकेमॉनचा अनुभव मिळतो. अशी फुकट संधी या गेममध्ये पुन्हा क्वचितच येते.

जंगलात लेव्हल वाढवणं का परवडत नाही

व्हिरिडियन फॉरेस्टमध्ये ५ लेव्हलचा जंगली कॅटरपी मारला तर मिळतात ३७ अनुभवगुण. रूट ३ वरच्या ट्रेनरचा १४ लेव्हलचा स्पिअरो मारला तर १७४. एक तर त्याची लेव्हल जास्त, आणि दुसरं म्हणजे ट्रेनरच्या पोकेमॉनमागे जंगली पोकेमॉनच्या दीडपट अनुभव मिळतो. लेव्हल वाढवायची खरी जागा हा रस्ताच आहे. ज्याला घाबरून तुम्ही मागे जाता आहात त्याच्याचकडे तुम्हाला हवं ते आहे.

अनुभव वाटून घ्यायची युक्ती माहीत नसेल तर: कमजोर पोकेमॉन यादीत पहिला ठेवा, लढाई सुरू झाली की पहिल्याच फेरीत त्याला मागे घेऊन तगडा पोकेमॉन काढा. समोरचा पडला की दोघांना निम्मा निम्मा अनुभव मिळतो. बदलताना एक फटका तगड्याला बसतो, तेवढं सोसायचं.

परत फिरा, आणि लवकर फिरा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत.

हरवलेला ट्रेनर पुन्हा लढत नाही. तुम्ही प्यूटरला जाऊन आलात तरी नाही, तुमची टीम गारद झाली तरी नाही. त्यांना पुन्हा लढायला लावणारं व्हीएस सीकर हे यंत्र खूप पुढे, व्हर्मिलियन सिटीत मिळतं. याचा अर्थ, रस्ता एका दमात पार करायची काहीच सक्ती नाही. दोन-तीन ट्रेनर हरवा, मागे वळा, प्यूटरच्या सेंटरमध्ये फुकटात एचपी, पीपी, विष सगळं ठीक करून घ्या, आणि पुन्हा निघा. सुरुवातीचे ट्रेनर आता तुम्हाला नुसते बघत उभे राहतील. दरवेळी रस्ता छोटा होत जातो. ब्रॉकनंतर प्यूटरमधून निघताना प्रोफेसर ओकचा सहायक रनिंग शूज देतो, बी बटण दाबून धरलं की पळता येतं. ये-जा अजिबात जड जात नाही.

मग कधी फिरायचं? मुख्य पोकेमॉनचं एचपी निम्म्याखाली गेलं आणि दुसरा कुणी धड लढणारा नसेल तर लगेच. मुख्य मूव्हचे पीपी दोन-तीनच उरले असतील तरी लगेच. 'हा एक ट्रेनर करून मग जातो' असं म्हणणाऱ्यांनीच प्यूटरच्या सेंटरला गर्दी केलेली असते.

ट्रेनर तुम्हाला बघतो तो फक्त ज्या दिशेला त्याचं तोंड आहे त्याच सरळ रेषेत, आणि तेही काही पावलांपर्यंत. त्याच्या पाठीमागून किंवा रेषेबाहेरून गेलात तर तो हलत नाही. मागे वळायचं असेल आणि एखादा न हरवलेला ट्रेनर वाटेत असेल तर थांबून त्याचं तोंड कुठे आहे ते बघा आणि मग पाऊल टाका. सगळेच टाळता येत नाहीत, काही अगदी अरुंद जागेत उभे आहेत. पण थकलेल्या टीमने एखादा जरी चुकवला तरी खूप झालं. कडेवरून उडी मारतानाही आधी बघून घ्या. कड फक्त खालच्या बाजूला उतरता येते, उलट चढता येत नाही.

हरल्यावर गेम बंद करू नका

टीम गारद होताना दिसली की बरेच जण घाईघाईने गेम बंद करतात आणि जुन्या सेव्हवरून पुन्हा सुरू करतात, पैसे जाऊ नयेत म्हणून. या टप्प्यावर हा तोट्याचा व्यवहार आहे.

फायररेड-लीफग्रीनमध्ये हरल्यावर किती पैसे जातात हे तुमच्या बॅजवर आणि टीममधल्या सगळ्यात मोठ्या लेव्हलवर ठरतं. एक बॅज असताना दर लेव्हलमागे १६. म्हणजे मुख्य पोकेमॉन १४ चा असेल तर जाणार २२४, एका पोशनपेक्षाही कमी. त्या बदल्यात राहतं काय? मिळालेला सगळा अनुभव आणि हरवलेले सगळे ट्रेनर. टीम फुकटात बरी होते ती वेगळीच. सेव्हवरून परत गेलात तर २२४ वाचले, पण ते चार ट्रेनर पुन्हा उभे, अनुभव शून्य, आणि तुम्ही त्याच लेव्हलने त्याच भिंतीवर डोकं आपटायला मोकळे.

'मी दहा वेळा प्रयत्न केला तरी होत नाही' असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हरल्यावर रीसेट करतोस का? उत्तर बहुतेक वेळा हो असतं. खरोखर दहा वेळा हरलेला माणूस एव्हाना माउंट मूनमध्ये असायला हवा.

विष आणि झोप

विष लावणारे इथे मुख्यतः वीडल आणि एकन्स. एकन्स असतो तो शॉर्ट्स किती सोयीच्या असतात हे अनोळखी माणसाला थांबवून सांगणाऱ्या पोराकडे. विष लढाई संपल्यावरही उतरत नाही, चालताना स्क्रीन थरथरते आणि एचपी कमी होत राहतं, या गेममध्ये तर पोकेमॉन बेशुद्ध होईपर्यंत. त्यावर पोशन ओतत बसणं म्हणजे गळकी बादली भरणं. अँटिडोट १०० ला मिळतं, पोशन ३०० ला. दोन अँटिडोट घेऊन निघा, पुरतात. नसेल आणि प्यूटर जवळ असेल तर सरळ मागे पळा.

झोपेचं दुखणं एकाच ठिकाणी आहे, १४ लेव्हलच्या जिगलीपफकडे. तिची सिंग लागण्याची शक्यता ५५ टक्के, म्हणजे साधारण निम्म्या वेळा हुकते. पण लागली की मुख्य पोकेमॉन झोपून राहतो आणि ती पाउंड मारत बसते. झोप उतरवणारं अवेकनिंग २५० ला मिळतं. ज्यांच्याकडे दुसरा धड पोकेमॉन आहे त्यांनी ते न घेता झोपलेल्याला सरळ बदलावं. तिच्याकडे डिसेबलही आहे, जी तुमची एक मूव्ह काही काळ बंद पाडते, म्हणून एकाच मूव्हवर विसंबलेली टीम इथे अडकते. मॅन्की असेल तर तो काढा: जिगलीपफ या गेममध्ये नुसती साधी, म्हणजे नॉर्मल प्रकाराची आहे आणि लढाऊ मूव्ह तिला दुप्पट लागते.

पैशांचं काय करायचं

ब्रॉक हरल्यावर १४०० देतो. ते प्यूटरच्या दुकानात असे खर्च करा: दोन किंवा तीन पोशन, दोन अँटिडोट, आणि पोकेबॉल संपले असतील तर एखाद-दोन. जंगली पोकेमॉन दूर ठेवणारं रिपेल ३५० ला आहे. या रस्त्यावर मी तरी घेणार नाही, इथे जंगली पोकेमॉन पकडायचेच आहेत. गुहेसाठी ठेवलात तर शहाणपणाचं.

पोशन लढाईच्या मध्ये वापरू नका, दोन लढायांच्या मध्ये वापरा. लढाईत पोशन दिला की तुमची फेरी जाते आणि समोरचा त्यातलं निम्मं तिथल्या तिथे काढून घेतो. २० एचपीच मिळतं, ते असं वाया घालवायला परवडत नाही.

ब्रॉककडून मिळालेलं टीएम ३९ (टीएम म्हणजे पोकेमॉनला मूव्ह शिकवणारी वस्तू), रॉक टूम, पिशवीत तसंच पडलेलं असतं. उडणाऱ्यांवर आणि किड्यांवर दगडाची मूव्ह दुप्पट लागते, म्हणजे या रस्त्यावर ते सोनं आहे आणि पुढे झुबॅटवरही. मॅन्की ते शिकू शकतो. बाकी कुणाला चालतं ते बघायला टीएम निवडा, टीमच्या यादीत प्रत्येकासमोर शिकू शकतो की नाही ते दिसतं. फक्त या गेममध्ये टीएम एकदाच वापरता येतं, म्हणून आठवड्याभरात टीममधून काढणार असाल अशा पोकेमॉनला देऊ नका.

सेंटर दिसलं? थांबा

रूट ३ संपून रूट ४ लागतो, आणि गुहेच्या तोंडाशी सेंटर आहे. इथे येऊन काही जण उत्साहात थेट गुहेत शिरतात. टीम ठीक वाटत असली तरी आधी आत जाऊन बरं करून घ्या. गुहेत हरलात तर तुम्ही शेवटच्या सेंटरमध्ये परत जाता. ते प्यूटरचं असेल तर सगळा रूट ३ पुन्हा चालायचा.

सेंटरच्या आत एक माणूस ५०० ला मॅजिकार्प विकतो. नुसती उसळी मारणारा मासा, २० लेव्हलपर्यंत सांभाळलात तर ग्याराडोस होतो. पैसे आणि चिकाटी दोन्ही असतील तर घ्या. खिशात सहाशे उरलेत आणि पुढे गुहा आहे, तर त्याच्याशी बोलूच नका.

गुहेबद्दल थोडक्यात: प्यूटरमधूनच ५५० ची एस्केप रोप आणली असेल तर आत वाट चुकली किंवा टीम थकली तरी एका क्षणात बाहेर याल, सेंटरच्या शेजारीच. आत झुबॅट पावलापावलाला भेटतात आणि सुपरसॉनिकने गोंधळवतात. रिपेल लावायचं असेल तर पहिला पोकेमॉन त्यांच्यापेक्षा मोठ्या लेव्हलचा असू द्या, तरच १०० पावलं ते दूर राहतात. शेवटी जीवाश्म राखणारा पोरगा ग्रायमर, व्होल्टॉर्ब आणि कॉफिंग काढतो, तिन्ही १२ लेव्हलचे. त्याच्यापाशी पोचेपर्यंत दोन जण तरी धड उभे हवेत.

जुन्या रेड-ब्लूमध्ये आणि नव्या लेट्स गोमध्ये

रेड-ब्लूमध्ये हरलात की सरळ निम्मे पैसे जातात. तिथे वरचा 'रीसेट करू नका' हा सल्ला चालतो, पण एका अटीवर: निघायच्या आधी पैसे सामानात घाला. पिशवीतलं सामान कुणी काढून घेत नाही. तिथे निडोरन रूट ३ वर नाहीत, रूट २२ वर आहेत. पळायचे शूजही नाहीत, त्यामुळे ये-जा कंटाळवाणी होते, तरीही परत फिरणंच स्वस्त पडतं. बल्बासॉरला व्हाइन व्हिप तिथे १३ लेव्हलला मिळते, म्हणजे ब्रॉकपर्यंत ती नसेलही.

२०१८ च्या लेट्स गो पिकाचू आणि लेट्स गो ईव्हीमध्ये ही तक्रार जवळपास ऐकूच येत नाही. तिथे अनुभव सगळ्या टीमला मिळतो आणि जंगली पोकेमॉनशी लढावं लागत नाही, नुसते पकडायचे. त्या गेममध्येही कुणी रूट ३ वर अडकलं असेल तर टीममध्ये एक-दोनच पोकेमॉन ठेवलेत का एवढं बघायचं. बॉक्समधले बाकीचे पिशवीतूनच कुठेही बाहेर काढता येतात.

आणि फायररेडमध्ये गुहेतून पलीकडे बाहेर पडल्यावर, सेरुलियनकडे जाताना रूट ४ वर एक कड लागते. तिच्यावरून उडी मारली की त्या वाटेने परत येता येत नाही. प्यूटरकडे यायला पुढे व्हर्मिलियनहून डिगलेट्स केव्हची वाट धरावी लागते आणि त्यासाठी आधी झाड तोडणारी कट ही मूव्ह हवी. गुहेतला मून स्टोन, क्लेफेरी, रूट ३ वरचा निडोरन, जे काही राहिलं असेल ते उडी मारायच्या आधी उरका.